चौथ्या प्रकरणातलं मौन

एखादा समाज ओळखायचा असेल तर तो काय बोलतो ते ऐकू नये. तो कुठे गप्प बसतो ते ऐकावं. हे वाक्य प्राध्यापकांच्या प्रबंधात चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीला आहे. गेली सत्तावीस वर्षं मानवशास्त्राचे विद्यार्थी ते परीक्षेत लिहीत आलेत आणि परीक्षक त्याखाली रेघ मारून एक गुण जास्त देत आलेत. वाक्याला नावं ठेवायला जागा नाही. त्याच्यापुढची एकेचाळीस पानं तेवढी खोटी आहेत.

‘खोटी’ हा शब्द प्राध्यापक स्वतः वापरत नसत. स्वतःशी बोलताना ते ‘सामान्यीकरण’ म्हणत. माणूस शिकला की त्याला आपल्या पापांसाठी लांब शब्द सापडतात, हा शिक्षणाचा फायदा कोणी नाकारू नये.

त्यांचा जन्म दोर वळणाऱ्यांच्या गल्लीतला. गल्लीत प्रत्येक घरामागे एक पडवी होती. नव्वद पावलं लांब, तीन पावलं रुंद, वर पत्रा. पडवीच्या एका टोकाला लाकडी चाक. एकाने चाकावर बसायचं आणि ते फिरवायचं. दुसऱ्याने विंचरलेला वाख, म्हणजे घायपाताचे तंतू, कमरेला गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचं, आणि बोटांतून तंतू सोडत सोडत उलट्या पावलांनी मागे जायचं. चाक पीळ देतं, माणूस मागे सरतो, दोर लांबतो. लहानपणीच आईबाप गेल्यामुळे प्राध्यापक काका-काकूंकडे वाढले. काका, ज्यांना मुलं दादा म्हणत, ते चालायचे, काकू चाकावर बसायची. काका जन्मभरात जेवढे पुढे चालले त्याहून मागे जास्त चालले, असं काकू म्हणायची. म्हणजे बोलत होती तेव्हा.

या धंद्याला तिसरं माणूस लागतं. खिळे ठोकलेल्या फळीवर वाख विंचरून द्यायला. ते काम शाळा सुटल्यावर दोन मुलं आळीपाळीने करत. एक काकांची मुलगी, म्हणजे ताई, आणि दुसरा तिच्याहून वर्षाने लहान, पण तिच्याच वर्गात बसणारा पुतण्या. ताईच्या हातून वाख असा निघायचा की वाटावं, पाणी ओतलंय. पुतण्याच्या हातून निघायचा तो गुंता. म्हणून घरात त्याचं नाव गुंत्या पडलं. पुढे तो प्राध्यापक झाला, त्याला टक्कल पडलं, त्याच्या हाताखाली माणसं डॉक्टर झाली. गल्लीत नाव तेच राहिलं.

शाळेची शेवटची परीक्षा झाली. ताई शाळेत पहिली आली. गुंत्या पास झाला. कॉलेज शहरात होतं आणि वाख विंचरायला घरात एक जण तरी हवंच होतं. काकांनी एक संध्याकाळ विचार केला, आणि धंद्याच्या दृष्टीने त्यात खोट काढता येणार नाही. ज्याला विंचरता येत नाही तो कॉलेजात जाईल. जिला येतं ती घरी राहील. विद्वत्तेच्या क्षेत्रात प्राध्यापकांची निवड झाली ती अशी.

त्या संध्याकाळी काकू चुलीपाशी उभी होती. ती काकांना म्हणाली, “पोरीचं पुस्तक मिटलंत ना? मग माझंही तोंड मिटलं म्हणून समजा.”

काकांना वाटलं, दोन दिवस चालेल. अकरा वर्षं चाललं. काकू मुलांशी बोलायची, शेजारणींशी बोलायची, मांजराशी तर तासन्‌तास बोलायची. काकांशी नाही. सकाळी दोघं पडवीत जायची. ती चाकावर बसायची, ते मागे मागे जायचे, आणि काय सांगायचं ते दोराला झटका देऊन सांगायचे. एक झटका म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे जोरात. काका गेले तेव्हा भांडण मिटलं, तेही एकाच बाजूने.

यातल्या आठव्या वर्षी गुंत्या प्रबंध लिहायला बसला होता.

“साहित्य फार पातळ आहे हो तुमचं,” त्याचे मार्गदर्शक पानं चाळत म्हणाले होते. “तुमच्या लोकांत काहीच नाही का? विधी, निषेध, काहीतरी?”

“आमचे लोक दोर वळतात, जेवतात आणि भांडतात, सर.”

“भांडणाची तीन पानं होतील. पुढे?”

पुढे गुंत्या सुट्टीत घरी आला. पडवीच्या दारात वही घेऊन बसला. समोर काका-काकू काम करत होते. एक शब्द नाही. फक्त झटके. दृश्य मोठं देखणं होतं, हे कोणीही कबूल करील. त्याने ते वहीत उतरवलं आणि शेजारी माहितीदार क्रमांक सात, माहितीदार क्रमांक आठ असं लिहिलं. पुढचं सगळं वसतिगृहातल्या खाटेवर पडून लिहिलं. दोर वळताना नवरा-बायको मौन पाळतात. ही पूर्वापार रीत आहे. उच्चारलेला शब्द पिळात शिरतो आणि पीळ सुटतो, अशी या लोकांची श्रद्धा आहे. वर ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण टाकली. दोर वळणाऱ्यांच्या घरात ही म्हण कोणी वापरत नाही, कारण सुंभ तिथे कोणी जाळत नाही. तो विकायचा असतो. पण परीक्षकांना ती आवडली.

प्रबंधाचं पुस्तक झालं. ते परक्या भाषेत होतं. ताई कॉलेजात गेली असती तर तिला ते वाचता आलं असतं. गेली नव्हती, म्हणून तिने ती प्रत प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लागली. “माझ्या भावाने आपल्या कामावर लिहिलंय,” ती सांगायची. “आत आई-दादा पण आहेत म्हणे. नाव नाही, नंबर आहे.”

एवढ्यावर भागलं असतं. प्राध्यापकांसारखी शेकडो माणसं एकेचाळीस पानांवर सुखाने निवृत्त होतात. पण दोराचा धंदा बसला. गल्लीत नायलॉनची भेंडोळी आली, एका घरात मोटार आली, पोरं टेम्पो चालवायला लागली. हाताने वळलेला दोर उरला तो मांजरांपुरता. दूरच्या शहरांतल्या फ्लॅटमध्ये मांजरांना नखं घासायला जे खांब असतात, त्यांना गुंडाळायला हाच दोर लागतो. अशा दिवसांत कोणा पर्यटन कंपनीच्या माणसाने ते पुस्तक वाचलं, आणि बस भरून पाहुणे येऊ लागले. त्यांना मौन पाहायचं होतं. गल्लीने विचार केला, मौनच तर आहे, त्याला भांडवल लागत नाही.

तेव्हा ताईचा फोन आला होता. “काय रे गुंत्या, आपल्यात असं कधी होतं? गप्प बसायचं वगैरे?”

प्राध्यापकांच्या हातात त्या वेळी खडू होता. त्यांनी तो मोडला.

“होतं,” ते म्हणाले. “फार पूर्वी.”

“हां,” ताई म्हणाली. “तू शिकलास, तुला माहीत असणार.”

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. आणि आता एका सोमवारी सकाळी प्राध्यापक आपल्या संशोधक विद्यार्थिनीला घेऊन बसने गल्लीकडे निघाले होते. ‘पारंपरिक समुदायांतलं बदलतं जीवन’ हा तिचा विषय. मुलगी हुशार होती, शिवाय प्रामाणिक होती. प्राध्यापकांच्या मते ही दोन्ही एकत्र असणं संशोधनाला घातक असतं. गल्लीत ती महिनाभर राहून गेली होती.

“सर, एक विचारू? म्हणजे विचारायला अवघड वाटतंय.”

“विचारा की.”

“मी एकोणीस बायकांशी बोलले. साठीच्या पुढच्या सगळ्या म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. चाकावर बसून शेजारच्या चाकावरच्या बाईशी गप्पा व्हायच्या, उखाळ्यापाखाळ्या व्हायच्या. एक आजी म्हणाल्या, माझ्या सासूने मला जेवढं सुनावलं, ते सगळं चाकावरून.”

“स्मृती निवडक असते,” प्राध्यापक खिडकीबाहेर बघत म्हणाले.

“हो सर, मी तसंच लिहिलंय. पण एकोणीसच्या एकोणीस निवडक?” तिने वही उघडली, मिटली. “मला तुमचे माहितीदार सात आणि आठ कोण ते कळलं असतं तर...”

“नावं गुप्त ठेवायची असतात. पहिल्या वर्षाला शिकवतो आपण.”

“हयात नसतील तरी?”

प्राध्यापकांनी खिडकीची काच खाली केली. वारा येईना म्हणून पुन्हा वर केली.

“राहू दे सर,” ती म्हणाली. “मी ताईंनाच विचारते आज. गल्लीत कोण कोणाशी कसं होतं, त्यांना सगळं ठाऊक आहे.”

तिच्या बोलण्यात कावा नव्हता. असता तर प्राध्यापकांना बरं वाटलं असतं. पदवी, खुर्ची, मानमरातब यांची त्यांना तेवढीशी धास्ती नव्हती. खुर्ची अशी सहज जात नाही, तिला पाय चार असतात. त्यांना दिसत होती ताई. विद्यार्थिनी विचारणार, सात आणि आठ कोण? ताई हिशेब लावणार. आईने तिच्यासाठी अकरा वर्षं जी जीभ चावून धरली, त्या मौनाला भावाने रूढी म्हणून खपवलं, आणि त्याच्या जोरावर, तिच्या जागी शिकून, मोठा झाला. हे तिला परक्या मुलीकडून कळणार. त्यापेक्षा आपणच सांगावं. आजच. ती विचारायच्या आधी. बस थांबेपर्यंत त्यांचा निश्चय झाला, आणि उतरताना त्यांनी दोन माणसांना आधी जाऊ दिलं.

गल्लीच्या तोंडाशी पाटी होती. ‘कृपया शांतता राखा. परंपरा चालू आहे.’ पाटीखाली गल्ली समितीचे अध्यक्ष उभे होते आणि फोनवर कोणावर तरी ओरडत होते. प्राध्यापकांना पाहून त्यांनी फोन खिशात टाकला.

“या, या, सर! आमचं दैवत आलं. काय मॅडम, आमचा अभ्यास संपला की नाही अजून? किती साठलंय आमच्यात, बघा!” मग आवाज खाली आणून ते प्राध्यापकांना म्हणाले, “सर, दुसऱ्या आवृत्तीत थोडं वाढवून देता येईल का? मौन आहेच. पण पाहुणे विचारतात, आणखी काय? पलीकडच्या कुंभारांच्या गल्लीत म्हणे तीन-तीन प्रथा आहेत.”

“बघू,” प्राध्यापक म्हणाले.

“बापजाद्यांपासून चालत आलेलं असलं म्हणजे झालं. नवीन काही नको.”

ताईचं घर आतल्या अंगाला. लग्न गल्लीतच झालं, तेही दोन घरं सोडून, त्यामुळे माहेरची पडवी तिच्याकडेच राहिली. ती दारातच उभी होती. हात कमरेवर, केस पांढरे, त्यांत वाखाचा एक तंतू.

“आलास? वाळलास की रे. तिकडे जेवायला देत नाहीत का नुसतं डोकंच खातात?”

घरात तिची सून चहा ठेवत होती. डाव्या हाताने. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला अंगठ्याएवढं बँडेज होतं.

“काय झालं बोटाला?” विद्यार्थिनीने विचारलं. “मी गेले तेव्हा तर काही नव्हतं.”

“चाकाच्या दोरीत सापडलं. गेल्या रविवारी.” सुनेने कप पुढे केला. “नख गेलं. खालचं थोडं मांसही. भरून येईल म्हणाले.”

“अरे देवा. मग लगेच थांबवलं ना चाक?”

“थांबवलं की. दोराचं टोक आलं तेव्हा.”

“म्हणजे? तुम्ही ओरडला नाहीत?”

सून हसली, आपलंच काहीतरी चुकलं असावं तशी. “पाहुणे होते ना समोर, तीस जण. बोलायचं नसतं चाकावर. शब्द पिळात शिरतो. पुस्तकात आहे ते.” मग जराशाने म्हणाली, “मी नुसती डाव्या हाताने चाक फिरवत, बोट मुठीत दाबून उजव्या-डाव्या अंगाला झुलत होते. पाहुण्यांना वाटलं, तेही त्यातलंच आहे. टाळ्या वाजवल्या त्यांनी.”

“मला तिकडच्या टोकाला काय दिसणार?” ताई म्हणाली. “मला वाटलं, पोरगी आज रंगात आलीय.” ती हसायला गेली, पण हसू ओठाशीच राहिलं. “समितीने शाबासकी दिली हो हिला. रीत मोडली नाही म्हणून.”

शब्द पिळात शिरतो. वसतिगृहातली खाट, उशाशी अर्धा पाव, आणि बाहेर कोणीतरी बादली आपटत होतं. प्राध्यापकांना ते वाक्य सुचलं तेव्हाचं सगळं आठवलं. वाक्य सुचल्यावर त्यांनी स्वतःशीच ‘वा’ म्हटलं होतं. तेही आठवलं. चहाचा घोट त्यांनी इतक्या मोठ्याने गिळला की तिघींनी वळून बघितलं.

“ठसका लागला?” ताईने विचारलं.

“नाही.”

“पाणी पी. आणि ऊठ. दहाला बस येते पाहुण्यांची. हिचं बोट असं. चाकावर तू बस.”

“मी?”

“मग काय मॅडमना बसवू? त्या लिहिणार आहेत.”

“ताई, मला जमत नाही. तुला माहीत आहे.”

“विंचरायला जमत नव्हतं. फिरवायला काय लागतं? मांजरसुद्धा फिरवील. चल, पाहुणे यायच्या आत एक खेप काढून बघू.”

विद्यार्थिनी सुनेजवळ थांबली. तिला बँडेजचा फोटो हवा होता. म्हणजे पडवीत फक्त दोघं. प्राध्यापकांच्या मनात आलं, हीच वेळ. ते आयुष्यात प्रथमच चाकापाशी बसले. अभ्यासाचा विषय म्हणून चाकाची मापं त्यांनी घेतली होती. व्यास, आऱ्यांची संख्या, लाकडाची जात. बैठक इतकी खाली असते आणि गुडघे कानाशी येतात, हे मात्र प्रबंधात नव्हतं.

ताईने कमरेला वाख गुंडाळला. टोक आकड्यात अडकवलं.

“झटके ठाऊक आहेत ना?”

“एक हळू, दोन थांब, तीन जोरात.”

“बघ, पाठ आहे. आणि तोंड बंद. सराव म्हणजे सरावच.”

“ताई, त्याआधी मला जरा...”

तिने ओठांवर बोट ठेवलं. गंमत म्हणून नव्हे. चौदा वर्षांत ती गंमत राहिली नव्हती. आता ती या बाईची सवय होती, आणि चांगल्या कारागिराची सवय म्हणजे कायदाच. तिने मान हलवली. प्राध्यापकांनी चाक फिरवलं.

ती मागे सरू लागली. तोंड त्यांच्याकडे, पाठ जगाकडे. एक पाऊल, दुसरं, तिसरं. बोटांतून तंतू सुटत होता आणि दोर होत होता. पाचव्या पावलाला प्राध्यापकांना कळलं की ती आता नव्वद पावलं होईपर्यंत आपल्याकडेच बघत जाणार, आणि काही झालं तरी उत्तर देणार नाही. तिला उत्तर देता येणार नाही, कारण आपण तशी रीत लिहून ठेवली आहे. अशा वेळी गप्प बसायचं हे सभ्य माणसाला कळतं. पण ज्याला समोरच्याच्या उत्तराची भीती असते त्याला याहून चांगली वेळ मिळत नाही. त्यांना स्वतःची शिसारी आली, आणि त्या शिसारीतच त्यांनी तोंड उघडलं.

“ताई, एक सांगायचं होतं.”

तिच्या कपाळाला आठी पडली. पावलं थांबली नाहीत. मागे जाणारं माणूस मध्येच थांबलं तर दोराला गाठ येते.

“हे मौन वगैरे काही नव्हतं. आपल्यात कधीच नव्हतं. मी लिहिलं ते. मीच.”

पंधरा पावलं. अठरा. चाक खडखडत होतं आणि पत्र्यावरून तो खडखडाट दुप्पट होऊन खाली येत होता. प्राध्यापकांनी आवाज चढवला.

“काकू दादांशी बोलत नव्हती. का बोलत नव्हती, तुला माहीत आहे. तुझं कॉलेज गेलं म्हणून. मी समोर बसून ते बघितलं आणि रीत म्हणून लिहून दिलं. सात नंबर म्हणजे दादा. आठ नंबर काकू.”

तीस पावलं. ताई चालतच होती. तिची मान थोडी कलली, जसं काही ती नीट ऐकत होती. प्राध्यापकांना धीर आला. सत्तावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या कलत्या मानांवरून निष्कर्ष काढले होते.

“तू पहिली आली होतीस! मी नुसता पास झालो होतो! मला विंचरता येत नव्हतं म्हणून मी शिकलो, ताई! आणि शिकून मी तुझ्याच आईचं...”

त्यांचा आवाज फाटला. चाक हातून निसटत होतं, त्यांनी ते दुसऱ्या हाताने धरलं. साठ पावलांवरच्या ताईने कोपर वर करून डोळा पुसला. मग दुसरा पुसला. रडतेय. इतक्या वर्षांनी रडतेय, आणि रीत मोडायची नाही म्हणून गप्प राहून रडतेय. आता त्यांना थांबवत नव्हतं. ते उभे राहता राहता राहिले, कारण गुडघे अडकले होते, आणि बसल्या बसल्याच ओरडले, “त्या पोरीचं नख माझ्यामुळे गेलं! शब्द पिळात शिरतो हे मी खाटेवर पडून लिहिलं! मला माफ करू नकोस ताई! पण शिव्या तरी दे!”

पडवीच्या टोकाला ताई अंगठ्याएवढी दिसत होती. ती उभी राहिली. दोराला दोन झटके आले.

थांब.

प्राध्यापकांनी चाक सोडलं. अचानक इतकं शांत झालं की शेजारच्या घरातला नळ ऐकू आला. त्यांचा घसा जळत होता, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि तरी गेल्या सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना हलकं वाटत होतं. शरम होती, पण आता ती निदान दोघांची झाली होती. ताई दोर हातावर गोळा करत, या खेपेला सरळ पावलांनी, त्यांच्याकडे येत होती. नव्वद पावलं ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथे राग नव्हता. दुःखही नव्हतं. विद्वान माणसाने अशा चेहऱ्यावर क्षमा वाचली असती, आणि त्यांनी वाचली.

ती समोर येऊन उभी राहिली. कोपराने पुन्हा डोळा पुसला.

“भुसा जातो नुसता,” ती म्हणाली. “आजचा वाख नीट विंचरलेला नाही. काय रे, एवढं काय ओरडत होतास?”

“म्हणजे?”

“नुसतं तोंड हलताना दिसत होतं. चाकाच्या आवाजात वीस पावलांपुढे काही ऐकू येतं का कोणाला? म्हणून तर झटके.”

“वीसच्या आत... काय ऐकलंस?”

“ ‘एक सांगायचं होतं’ म्हणालास. मग काहीतरी ‘मौन मौन’. मी म्हटलं, याचं लेक्चर सुरू झालं.” तिने दोर खुंटीला टांगला, हात झटकले आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. “सांग आता. काय म्हणत होतास?”

ती आता दोन पावलांवर होती. चाक बंद होतं. तिला बोलायला मुभा होती. घरातून सुनेचा आणि विद्यार्थिनीचा आवाज जवळ येत होता, विद्यार्थिनी म्हणत होती, “मग ताईंनाच विचारू या आपण.” बाहेर बसचा हॉर्न वाजला.

प्राध्यापकांनी खाली चाकाकडे पाहिलं.

“तेल,” ते म्हणाले. “चाकाला तेल हवंय, म्हणत होतो.”

ताईने वाकून चाकाच्या आसाला बोट लावलं आणि ते त्यांच्यासमोर धरलं. बोट तेलाने ओलं होतं.

“सकाळीच घातलंय,” ती म्हणाली.